डीलिया टार्पीचं न आलेलं लोणी

आज आमच्या क्लूनबॅरा गावात जे कोणी पन्नाशीच्या आत आहेत, ते सगळे डीलिया टार्पीच्या बसमधून शाळेत गेलेले आहेत. आजूबाजूच्या वस्त्यांवरून पोरं गोळा करायची, शाळेच्या दारात आणून ओतायची, संध्याकाळी परत नेऊन ज्याच्या त्याच्या आईच्या हवाली करायची, हा बाईंचा आयुष्यभराचा धंदा. बसचा नियम एकच. उतरताना 'थँक यू, मिसेस टार्पी' म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही. एकदा शाळा तपासायला आलेला मोठा साहेब गाडी बंद पडली म्हणून या बसमध्ये बसला आणि न बोलता उतरायला निघाला. डीलियाने दार उघडलं नाही. साहेब वैतागला, पोरं खिदळायला लागली, शेवटी साहेबाने टोपी काढून आभार मानले तेव्हा कुठे त्याचे पाय जमिनीला लागले. तेव्हापासून आमच्या गावात बाईंच्या तोंडाला लागायची हिंमत कोणी केलेली नाही. एक माणूस सोडून. तो माणूस म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण बीझी.

बीझीचं चौकात कापडाचं दुकान. डीलियाचं घर चौकाच्या दुसऱ्या अंगाला. दोघींच्या खिडक्या समोरासमोर, आणि नऊ वर्षं दोघींचं बोलणं बंद. एक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला जायची, दुसरी रविवारी सकाळच्या, म्हणजे देवाच्या दारातसुद्धा गाठ पडायला नको. पडदे मात्र दोन्हीकडचे सारखे हलायचे.

भांडण लोण्यावरून झालं होतं. हसू नका. आमच्याकडे घरात लोणी निघत असताना जो कोणी उंबरा ओलांडून आत येईल, त्याने 'देव कामाला बरकत देवो' म्हणायचं आणि घुसळायच्या पिंपाच्या दांड्याला हात लावायचा. दोन दांडे मारायचे आणि मग कुठे जायचं तिथे जायचं. न मारता गेला तर तो घरातलं लोणी घेऊन गेला. आणि घुसळण चालू असताना घरातून काही उसनं बाहेर द्यायचं नाही, निखारा नाही, मीठ नाही, सुईसुद्धा नाही. हे सगळे मानतात. जे मानत नाहीत तेसुद्धा दोन दांडे मारूनच जातात, उगाच कशाला.

तर त्या दिवशी डीलिया स्वयंपाकघरात आईच्या जुन्या पिंपात साय घुसळत होती आणि बीझी आत आली. गॉलवेला कोणाचं तरी लग्न, अंगात नवाकोरा सायीच्या रंगाचा कोट, बाहेर पाऊस, आणि बस सुटायच्या बेतात.

"छत्री दे गं तुझी."

"दांड्याला हात लाव आधी."

"या कोटावर? शिंतोडा उडाला तर? माझ्या हातावाचून तुझं लोणी काही अडत नाही." आणि दारामागची छत्री उचलून बाई गेल्या.

लोणी आलं नाही. दुपारपर्यंत घुसळलं, पिंपाखाली घोड्याच्या नालाचा खिळा ठेवून पाहिला, चिमूटभर मीठ टाकून पाहिलं. शेवटी सगळी साय वासराच्या बादलीत गेली. पुढच्या रविवारी चर्चच्या फाटकात, भर गर्दीत, डीलिया म्हणाली, "लोणी नेलंस माझं." बाईमाणसाला असं चारचौघांत म्हणणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही, पूर्वी यावरून घरंच्या घरं वाळीत पडली आहेत. बीझी पांढरीफटक पडली. मग शांतपणे म्हणाली, "साय गार होती. म्हणून लोणी आलं नाही, तुला कळायचं नाही ते. आईचा हात माझ्याकडे आला, तुझ्याकडे पिंप आलं."

झालं. त्या दिवसापासून बंद.

गेल्या हिवाळ्यात बीझी बर्फावरून घसरली आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिला इस्पितळात ठेवलं. डीलिया रोज संध्याकाळी गाडी काढून तिथे जायची, इस्पितळाच्या आवारात गाडीत बसायची, वर दिव्यांच्या खिडक्या बघायची आणि घरी परत यायची. आत काही गेली नाही. काय म्हणून जाणार? वाट्टेल त्याला बसमधून उतरू न देणाऱ्या बाईला स्वतःच्या गाडीतून उतरता येईना. याचा तिला एवढा राग आला होता की घरी येऊन ती भांडी आपटायची आणि मग त्या आपटलेल्या भांड्यांसमोर बसून रडायची.

त्यामुळे या उन्हाळ्यात गावच्या जुन्या चालीरीतींचा उत्सव ठरला आणि कमिटीचा अध्यक्ष कोलम डर्कन तिच्या दारात आला, तेव्हा बाईंच्या मनात काय होतं ते ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. कोलमची चौकात खानावळ आहे, मागच्या खोलीत तो शवपेट्याही विकतो, त्यामुळे गावात त्याचं सगळ्यांशी गोड.

"मिसेस टार्पी, तंबूत लोणी काढून दाखवाल का?"

"ब्रेड कोणाचा?"

कोलमने घसा साफ केला. "बीझीचा. सोडा घालून केलेला. तिचा स्टॉल चौकाच्या त्या टोकाला, तुमचा तंबू या टोकाला. मी टेपने मोजून सगळ्यात लांब ठेवलेत."

"माझ्या तंबूत घरचे नियम चालतील," डीलिया म्हणाली. "आत येईल तो हात लावल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

"अहो, तेच तर बघायला लोक येतील," बिचारा कोलम म्हणाला.

तिचा हिशेब सरळ होता. ब्रेडला लोणी लागणार, लोणी न्यायला बीझीला तंबूत यावं लागणार, आणि तंबूत आली की दांड्याला हात लावावा लागणार. एकदा तो हात लागला की नऊ वर्षं मिटली. माफी मागायची भानगड नाही. माफी मागायला दोघींपैकी एकीलाही येत नव्हती. बापाकडून आलेला दोष.

उत्सवाच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं, म्हणजे काहीतरी वाईट होणार हे सगळ्यांनाच कळलं. मिरवणूक निघाली. पुढे पिशवीत हवा भरून वाजवायच्या वाद्यांचा पाईप बँड, मग जुने ट्रॅक्टर धूर ओकत, मग गवताचे मुखवटे घातलेली पोरं, मग उद्घाटनाला आलेला कौन्सिलर नवीन बुटांत, आणि त्यांच्यामागे सजवलेल्या कुत्र्यांची स्पर्धा. मिरवणूक बरोबर डीलियाच्या तंबूपुढे आली आणि आभाळ फाटलं.

आता शहाण्या माणसाने घरी पळावं. पण बँडवाल्यांना वाद्यांच्या पिशव्या ओल्या व्हायला नको होत्या, ते तंबूत शिरले. बँड शिरला म्हणून पोरं शिरली, पोरं शिरली म्हणून त्यांच्या आया शिरल्या, कौन्सिलर बुटांसाठी शिरला, फादर हॅनली कौन्सिलरसाठी शिरले आणि कुत्री कोणालाच न विचारता शिरली. बघता बघता अख्खा उत्सव तंबूत, आणि चौकात उरले फक्त ट्रॅक्टर.

डीलिया पिंपापाशी बाह्या सरसावून उभी होती. तिने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. बसमध्ये मागच्या बाकापर्यंत जायची, तीच नजर.

"बरकत म्हटलं का कोणी?"

"देव कामाला बरकत देवो," सगळा तंबू एका सुरात म्हणाला.

"रांग लावा."

रांग लागली. ढोलवाला आला, त्याने तालात दांडे मारले. गवती मुखवट्यातल्या पोराचं गवत झाकणात अडकलं, ते उपसून काढलं. कौन्सिलर म्हणाला, माझा हात जरा मुरगळलाय, तर मागून कोणीतरी म्हणालं, "मतं मागायला यायचा तेव्हा बरा होता." त्याने मुकाट्याने चार दांडे जास्त मारले. पावसाची सर ओसरली तशी दोन-तीन जणांनी कनातीखालून सटकायचा बेत केला, पण डीलिया नुसतं "थॉमस" म्हणाली आणि तीन पोरांचा बाप असलेला थॉमस परत रांगेत जाऊन उभा राहिला.

फादर हॅनलींची पाळी आली. म्हातारा शेतकऱ्याच्या घरचा, हात चांगला होता. त्यांच्या सातव्या-आठव्या दांड्याला पिंपातला आवाज बदलला. चपचप होती ती जड झाली, आणि दांडा वर आला तो स्वच्छ आला. डीलियाला ते तळव्यात नाही, पोटात कळलं. लोणी आलं होतं. आणि सुरेख आलं होतं, आईच्या वेळी यायचं तसं. आता थांबायला हवं होतं, गार पाणी घालून धुवायला हवं होतं.

तिने कनातीतून बाहेर पाहिलं. समोर, चौकापलीकडे, बीझी आपल्या ब्रेडच्या राशीमागे हाताची घडी घालून उभी होती. इकडे येण्याचं चिन्ह नव्हतं. लोणी झालं असं म्हटलं की कोलम ताट घेऊन धावत तिच्याकडे जाणार, म्हणजे बीझीला पाऊल उचलावं लागणार नाही. हे गाढव अध्यक्ष असल्याचं डीलियाने हिशेबात धरलंच नव्हतं.

"आलं का?" फादरांनी विचारलं.

"नाही आलं," डीलिया म्हणाली. "पुढचा."

आयुष्यात लोण्याच्या बाबतीत खोटं बोलायची तिची ही पहिली वेळ. आलेलं लोणी घुसळत राहिलं की ताक आत अडकून बसतं, मग कितीही धुवा, लोणी तेलकट आणि चिवट होतं. तिच्या लोण्याला मेयो जिल्हाभर नाव होतं, आणि ते नाव ती स्वतःच्या हाताने घुसळून काढत होती.  तरी ती म्हणत होती, पुढचा.

रांग संपली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बँडवाले भुकेने कासावीस झाले, एकाने कंटाळून वाजवायला घेतलं, दोन बायका नाचायला लागल्या, त्यांच्या पायांत कुत्री, आणि मग तंबूच हलायला लागला. कौन्सिलर फीत कापायची कात्री हातात घेऊन फादरांबरोबर गिरकी घेत होता. कोलमला रडावं का हसावं ते कळेना.

"मिसेस टार्पी, ऐका ना. ही घुसळण काय आहे तरी? अख्ख्या गावाने हात लावला."

"अख्ख्या?" डीलिया म्हणाली.

तंबू गप्प झाला. वाद्याची हवासुद्धा हळूच कण्हत संपली. मग सगळ्यांनी एकदम मान वळवून चौकापलीकडे पाहिलं.

कोलमने आयुष्यात केलेलं एकमेव धाडस तेव्हा केलं. भोंगा उचलला आणि म्हणाला, "क्लूनबॅराच्या मंडळींना विनंती. तंबूत लोणी येत नाही आहे. ज्यांचा हात लागायचा राहिलाय त्यांनी यावं. म्हणजे, ज्या कोणाचा. मी नाव घेत नाही." आणि थोडं थांबून, "बीझी, ये ना गं. भूक लागली सगळ्यांना."

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. बीझी दुकानात गेली आणि दार लागलं. डीलियाचे हात दांड्यावर तसेच राहिले. तिला एकदम खूप म्हातारं वाटलं.

मग दार परत उघडलं. बाहेर आधी छत्री आली. काळी, लाकडी मुठीची. नऊ वर्षं आमच्या पावसात बीझी भिजत हिंडली, डोक्यावर पिशवी धरून हिंडली, पण ती छत्री तिने एकदाही उघडली नव्हती. छत्रीखाली सायीच्या रंगाचा तो कोट, आता कोपरावर विरलेला, आणि एक हात काठीवर. चौक ओलांडायला तिला वेळ लागला. तंबूतून कोणी मदतीला धावलं नाही, तेवढी अक्कल सगळ्यांना होती.

ती आत आली. छत्री मिटली आणि डीलियाच्या पिंपाला टेकवून ठेवली.

"देव कामाला बरकत देवो," बीझी म्हणाली.

"देवो," डीलिया म्हणाली. 

बीझीने काठी कोलमच्या हातात दिली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि एकदा वर-खाली केला. एकदाच. मग तिचे हात थांबले. आईने दोघींना याच पिंपापाशी उभं करून शिकवलं होतं. तिला कळायला दुसरा दांडा लागणार नव्हता. तिने बहिणीकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं,

"डीले, हे कधी आलं?"

"फादरांच्या पाळीला."

"अगं, मग पार वाट लागली असेल त्याची. आई असती तर थोबाडीत दिली असती."

"दोघींना दिली असती," डीलिया म्हणाली, आणि मग, "बीझे, साय गारच होती त्या दिवशी. मला तेव्हाच कळलं होतं."

 मागून कोलमने मान उंचावून विचारलं, "काय म्हणता? आलं का?"

बीझीने दांडा असा जोरात हाणला की झाकणातून ताकाची चिळकांडी उडून कोटाच्या छातीवर पडली. तिने ती पुसली नाही.

"नाही रे," ती मोठ्याने म्हणाली. "कसलं येतंय इतक्यात. आम्हा दोघींना अजून बराच वेळ लागेल. तुम्ही वाजवा."