घड्याळासमोरची भिंगरी

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नळाला पाणी तेव्हाच यायचं. भांडी भरून झाली की ती स्वयंपाकाला लागायची. दोन डबे भरायची, एक स्वतःचा आणि एक मुलीचा, आणि नवऱ्याचं ताट झाकून ठेवायची. नवरा रात्रपाळीचा वॉचमन. तो दारात शिरायचा तेव्हा ती चपला घालत असायची. घरात कॉट एकच, ती दोघांना आळीपाळीने पुरायची. आमचा संसारच पाळ्यांत चाललाय, असं ती म्हणायची आणि आम्ही हसलो की तीही हसायची.

पंख्याच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात ती वाइंडिंग खात्यात होती. काम सांगायला सोपं. लोखंडी कडं समोर घ्यायचं, त्याच्या आतल्या खाचांत कागद सरकवायचा, तांब्याच्या तारेची वेटोळी एकेक करून त्या खाचांत बसवायची, लाकडी पट्टीने दाबायची, वरून दोऱ्याने बांधायची. तार ओरखडली तर मोटर जळते. म्हणून जोर तर लावायचा, पण तारेला तो कळू द्यायचा नाही. हा जोर सगळा अंगठ्यातून येतो.

मी त्याच खात्यात ट्रॉली ओढायचो. रिकामी कडी टेबलांवर आणून द्यायचो, बांधलेली पुढे न्यायचो. कोणाच्या टेबलावर किती माल साठतो हे माझ्या पाठीला कळायचं. तिच्या टेबलापाशी मला दम खायला मिळत नसे. त्यावरूनच तिचं नाव भिंगरी पडलं. ते मी पाडलं असं काही जण म्हणतात. असेल.

कारखान्यात एक रीत होती. घड्याळवाला आला की हात जड करायचे. अधूनमधून एक माणूस घड्याळ अडकवलेली पाटी घेऊन यायचा, टेबलामागे उभा राहायचा आणि एका नगाला किती वेळ लागतो ते टिपायचा. त्या दिवशी दोरा गुंतायचा, पट्टी खाली पडायची, कागद दोनदा कापावा लागायचा. कामचुकार माणूस मला आवडत नाही, कधीच आवडला नाही. पण हा कामचुकारपणा नव्हता. घड्याळासमोर ताज्या हाताने जो वेग दाखवाल, तोच वेग दमलेल्या हाताकडून वर्षभर मागितला जातो. हे सगळ्यांना ठाऊक होतं, भिंगरीलाही. घड्याळवाल्यासमोर ती इतकी मंदावायची, की शेजारच्या टेबलावरच्या काकू पुटपुटायच्या, "अगं, जिवंत आहेस एवढं तरी दाखव."

काकूंनीच तिला काम शिकवलेलं. वयाने मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, बोटं सांध्यांत वाकलेली. वेग बेताचा, पण हात साफ. त्यांनी बांधलेला नग तपासणीतून परत आल्याचं मला आठवत नाही.

भिंगरीची मुलगी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला होती. हे काय असतं, असं मी एकदा विचारलं. भिंगरी म्हणाली की मशीन बनवायला शिकवत नाहीत, मशीन आणि माणसं एकमेकांशी कशी जमवायची ते शिकवतात. पहिल्या वर्षी गणित आणि ड्रॉइंग, मग माल किती साठवावा, टेबलं कशी मांडावीत, खराब नग का निघतात, असलं सगळं. तिसऱ्या वर्षाला कामाच्या मोजणीचा विषय होता. त्यात खऱ्या कारखान्यात जाऊन एखादं काम घड्याळाने मोजायचं, ते करायला किती वेळ द्यावा ते ठरवायचं आणि अहवाल लिहायचा. वर्गातल्या बाकीच्यांच्या ओळखी होत्या. हिची ओळख म्हणजे आई.

भिंगरीने सुपरवायझरला विचारलं. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी आठवडाभर झुलवणारा माणूस उभ्या उभ्या हो म्हणाला. अहवालाची एक प्रत कारखान्याला द्यायची, एवढीच त्याची अट. मला ते तेव्हाच खटकलं.

खात्यात चेष्टा सुरू झाली. आता घरचंच घड्याळ, भिंगरीने झोप काढली तरी चालेल, असं एक जण म्हणाला. काकू मात्र हसल्या नाहीत. पोटची पोर असली तरी घड्याळ ते घड्याळ, असं त्यांनी बजावलं. भिंगरीने मान हलवली, आणि मनापासून हलवली.

मुलगी आली ती मैत्रिणीचा पांढरा कोट घालून. तो तिला खांद्यांत मोठा होत होता. आईच्या मागे, जरा बाजूला उभी राहिली, पुस्तकात सांगितलेलं असतं तशी. तिने आईला कामावर कधी पाहिलेलं नव्हतं. घरी पाहिलेली आई म्हणजे बसल्या जागी डुलक्या घेणारी, अंगठ्याला तेल चोळणारी.

पहिला नग भिंगरीने ठरल्याप्रमाणे सावकाश बांधला. मुलीने घड्याळ दाबलं, आकडा लिहिला आणि आईकडे पाहिलं. त्या बघण्यात बहुधा काही नव्हतं, ती पुढच्या नगाची वाट पाहत असेल. पण दुसऱ्या नगापासून भिंगरीचे हात सुटले. कागद, वेटोळं, पट्टी, दोरा, मध्ये कुठे थांबा नाही. परक्या माणसासमोर ती खुशाल ढ ठरली असती, पोरीसमोर ते तिच्याने होईना. काकूंनी दोनदा खोकून पाहिलं. तिने मान वर केली नाही.

एवढ्यानेही बिघडलं नसतं. त्या मोजणीत एक सोय असते. समोरचा हात नेहमीच्या माणसापेक्षा चपळ असेल तर मोजणाऱ्याने त्याला शंभराच्या वर आकडा द्यायचा. त्या प्रमाणात वेळ वाढवला जातो आणि साध्या माणसाला झेपेल असा ठरतो. भिंगरीला सव्वाशेच्या खाली देणं हा अन्यायच होता. मुलगी आंधळी नव्हती, तिला वेग दिसत होता. पण आईला सव्वाशे दिले तर कॉलेजातले सर म्हणतील, आपल्या माणसाचं कौतुक केलं. पक्षपात नको म्हणून तिने शंभर, म्हणजे साधारण हात, असं लिहिलं.

अहवालाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. कॉलेजचा शिक्का बसला आणि एक प्रत कारखान्यात आली. भिंगरीने खात्यात चॉकलेटं वाटली. काकूंनी दोन घेतली.

महिन्याभरात फलकावर नवा आकडा लागला. दिवसाला प्रत्येकाने इतके नग द्यायचे, कमी पडले तर पगारात कपात, आणि लागोपाठ कमी पडले तर घरी. भिंगरीचा त्या सकाळचा वेग आता सगळ्यांच्या बोकांडी बसला. आम्ही चार जण मॅनेजरकडे गेलो. त्याने अहवाल उघडून शिक्का दाखवला. कॉलेजने तपासलंय, म्हणाला, आणि मोजणारी तुमच्याच माणसाची मुलगी आहे. शिवाय एक बाई रोज आकडा पूर्ण करते, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय?

ती बाई कोण, हे त्याला सांगावं लागलं नाही.

भांडायला कोणी गेलं नाही. चहाच्या सुट्टीत बाकावर तिच्यासाठी सरकून जागा करणं बंद झालं, इतकंच. "आई इंजिन, पोरगी इंजिनिअर, आणि आपण मागून फरफटणारे डबे," असं एकीने तिला ऐकू जाईल असं म्हटलं. ती खाली मान घालून चहा प्यायली. मी तिला एकदा सरळ सांगितलं, की तू हात आवर, तू पूर्ण करतेस म्हणून आकडा टिकलाय. ती म्हणाली की हात आवरला तर कपात होईल, आणि मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी तोंडावर आलीय. मी ट्रॉली ओढत पुढे गेलो.

तिने तिच्या परीने तोड काढली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती काकूंचे नग बांधायला बसू लागली. त्याने काकूंचं काही दिवस निभावलं. पण अंगठ्याला जी काय विश्रांती मिळायची ती तेवढ्याच वेळात मिळायची. सांधा सुजून टमटमीत झाला. ती त्यावर चिंधी बांधून काम करायची. मग सुपरवायझरच्या लक्षात आलं आणि त्याने काकूंचं टेबल खात्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. मीच ते ट्रॉलीवरून नेलं. तिथे काकूंचा आकडा लागोपाठ कमी पडला आणि त्यांना हिशेब देऊन टाकला.

ऑफिसात काकूंना तो अहवाल दाखवला होता. निघताना त्या भिंगरीच्या टेबलापाशी थांबल्या. आता ऐकवतील, असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या पोरीचं अक्षर छान आहे गं." आणि गेल्या.

त्या संध्याकाळी भिंगरीने मुलीला सगळं सांगितलं. तोवर मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सरांना भेटली. सर म्हणाले, आकडा चुकला असं लेखी दिलंस तर प्रकल्प रद्द होईल, त्या विषयात नापास धरतील, शेवटच्या वर्षाला बसता येणार नाही. झालं ते झालं, तू गप्प बस. ते वाईट माणूस नव्हते, तिच्या भल्याचंच सांगत होते.

मुलीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाप कामावर निघायच्या बेतात होता, गणवेशाची बटणं लावत होता. पुढचं बोलणं मला भिंगरीने सांगितलं, तसंच देतो.

"राहू दे मग," बाप म्हणाला. "दुसऱ्याच्या नोकरीपायी आपलं वर्ष घालवतं का कोणी?"

"दुसऱ्याच्या कुठे?" भिंगरी म्हणाली. "हात माझे होते."

"आकडा माझा होता, आई."

भिंगरीने तिला विचारलं, "त्या दिवशी मी तुला साधारण दिसले होते?"

 मुलगी म्हणाली, "नाही. इतकं भरभर काम करणारं मी कोणी पाहिलं नव्हतं."

"मग तेच लिहून दे."

"आणि फी?" बापाने विचारलं.

"बघू."

तो बटणं लावून कामावर गेला. त्याला उशीर होत होता.

मुलीने लिहून दिलं. प्रकल्प रद्द झाला आणि वर्ष गेलं. कॉलेजने कारखान्याला कळवलं की तो अहवाल आम्ही मागे घेतलाय. मॅनेजरने खूप आदळआपट केली, पण शिक्काच निघून गेल्यावर दाखवायला त्याच्याकडे काही उरलं नाही. बाहेरचा घड्याळवाला आला. खात्याने रीतीप्रमाणे हात जड केले. भिंगरीला ते सोंग करावं लागलं नाही, अंगठा खरोखरच वळत नव्हता.

आकडा खाली आला. जुन्याइतका नाही, पण माणूस दिवसाच्या शेवटी स्वतःच्या पायांनी घरी जाईल एवढा. बाकावर तिच्यासाठी पुन्हा जागा होऊ लागली. काकूंना काही परत घेतलं नाही. त्या कोणाच्या तरी घरी भांड्यांना जात होत्या. भिंगरी त्यांना भेटायला गेली. त्यांनी चहा दिला, मुलीची चौकशी केली आणि कारखान्याचं नाव काढलं नाही. ते तिला जास्त लागलं.

अंगठा बरा होईना. डॉक्टर म्हणाला, काही महिने या हाताने काम करू नका. ती म्हणाली, मग कोणत्या हाताने करू? तशीच येत राहिली. बोटांनीच तार दाबायची, मग तार ओरखडायची, नग तपासणीतून परत यायचे. परत आलेला नग टेबलावर ठेवताना मी तिच्याकडे बघत नसे. जो आकडा तिच्या मुलीच्या लिहिण्यामुळे खाली आला होता, त्या आकड्यालाही ती लागोपाठ कमी पडली. आम्ही चार जण पुन्हा मॅनेजरकडे गेलो. नियम सगळ्यांना सारखा, असं तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. आम्ही परत आलो.

शेवटचा पगार आणि हिशेबाचे पैसे तिला पाकिटात मिळाले. ते घेऊन ती सरळ मुलीच्या कॉलेजात गेली आणि खिडकीशी रांगेत उभी राहिली. त्या पैशांतून तिसऱ्या वर्षाची फी दुसऱ्यांदा भरली गेली.