पहिले नमस्कार, मंग लाथ

"पहिले नमस्कार, मंग लाथ!" असं म्हणून आबा केळीच्या झाडापुढे कमरेतून वाकायचे. कोरियन आकडे मोजायचे, "हाना, दुल, सेत." तीन झाले की वर यायचं आणि झाडाला लाथ घालायची.

यावलच्या कचेरीत आबांचं टेबल माझ्या शेजारी होतं. माणूस धुळ्याकडचा, पन्नाशीचा, अंगाने काडी. तायक्वांदो कुठे शिकले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझं पोट टेबलाला टेकायला लागलं तेव्हा त्यांनी मला क्लासात ओढलं.

क्लास कसला, केळीची बाग! घड उतरवला की झाड पाडतातच. ते पाडायचं काम आबा मालकाकडून मागून घ्यायचे. एकदा मी नमस्कार चुकवला तर म्हणाले, "झाड शे म्हणीसन काय झायं? तेले बी मान दे." केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही. महिनाभरात आमचे पांढरे पोशाख तपकिरी झाले. पट्टा नवशिक्याचा आणि कपडे ब्राऊन बेल्टचे, असा आमचा थाट.

मग जळगावहून एक तरुण कोच आला. त्याच्याकडे पॅड, छातीला गार्ड, शिट्टी, स्टॉपवॉच, सगळं होतं. बागेत शिकणारी पोरं भराभर तिकडे गेली. आबांकडे उरलो मी एकटा. कोच चेष्टेने म्हणाला, "आबा, एक सामना होऊ द्या. तुमचा जिंकला तर माझी पोरं केळीत. हरला तर क्लास बंद करून तुम्ही माझ्याकडे." आबा लगेच हो म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही.

सामन्यात मी वाकलो. "दुल" म्हणतोय तोवर शिट्टी झाली. समोरच्या उंच पोराने नमस्कारादाखल नुसती मान हलवून माझ्या डोक्याच्या उंचीवर लाथ फिरवली. डोकं तिथे नव्हतंच. तो गरकन फिरून माझ्या पाठीवरून पलीकडे पडला. टाळ्या झाल्या, पॉइंट मात्र मिळाला नाही. मी त्याला उठवलं आणि पुन्हा वाकलो. या वेळी तो "सेत" होईपर्यंत थांबला, मग अशी हाणली की माझा निकालच लागला.

मी खाली पडून आबांची माफी मागत होतो आणि आबा टाळ्या वाजवत होते. "देख, तो सेतपर्यंत थांबना! थांबना ना तो!"

दुसऱ्या दिवसापासून आबा कोचच्या वर्गात, चौथीच्या पोरांमागे, त्याच डागाळलेल्या पोशाखात. पॅडला लाथ मारायच्या आधी वाकायचे. पोरं खिदळायची, कोच वैतागून घड्याळ बघायचा.

पुढे आबा निवृत्त होऊन गावी गेले. परवा ते वारल्याचं पत्र आलं. ते सांगायला मी कोचच्या वर्गावर गेलो. शिट्टी वाजायच्या आधी तीस पोरं पॅडपुढे वाकली, कोचसुद्धा. "हाना, दुल, सेत." मीही दारातच वाकलो. सेत झालं, पोरं वर आली, मी येईना.

कोच धावत आला. "भाऊ, कंबर धरली का?"

"हो," म्हणालो. तेवढ्यात डोळे पुसून झाले.