कालची काडी

आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर तागाच्या दोऱ्या वळत आले. बैलाला कासरा, म्हशीला दावं. त्यांचं म्हणणं एकच, "दोरी कुणीबी वळंल. ताग पाण्यातनं कवा काढायचा, त्यात अक्कल हाय." ताग कापून ओढ्यात दगडाखाली बुडवायचा आणि साल सुटायला लागली की त्याच दिवशी काढायचा. आधी काढला तर वाख, म्हणजे सालीतला धागा, राठ निघतो, उशीर झाला तर कुजतो.

त्या वर्षी आबांचा खुबा मोडला होता. शेजारच्या बैलाला बेंदराच्या सणासाठी नवा कासरा द्यायचा शब्द मात्र दिलेला. "ह्यो शेवटचा. पर असा करतो, बघत ऱ्हातील," म्हणायचे. ओढ्याचं काम माझ्याकडं आलं. कबनूरला यंत्रमागावरची पाळी करून सुटलो की रोज पाण्यातली एक काडी आणायची. आबा ती बुडख्याशी मोडायचे, साल ओढायचे, वास घ्यायचे. "कच्ची हाय. उद्या आण."

सहाव्या दिवशी मी गेलोच नाही. लागोपाठ दोन पाळ्या झालेल्या, पाय उचलत नव्हते, आणि खोटं कशाला सांगू, वैतागलो होतो. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? आदल्या दिवशी चुकून दोन काड्या आल्या होत्या. उरलेली बादलीत बुडवून त्यांच्या हातात दिली.

"हात्तिच्या, कालच्यासारखीच की! थांबू आजून दोन दिवस."

दोन दिवसांनी भारा घरी आणला. आबांनी साल सोलली आणि वाख चिमटीतच तुटला. दुसरी काडी घेतली, तिसरी घेतली. सगळा भारा कुजला होता. बराच वेळ ते हाताकडं बघत बसले.

"बोटंच मेली रं माझी."

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणालो काय, तर "असू दे आबा, वय झालं की आता." त्यांनी ते खरं मानलं.

बेंदराआधी शेजारी आले, तर आबा म्हणाले, "बाजारातनं नायलॉनचा आणा." नायलॉन जनावराची मान कापतो म्हणून गावाशी भांडलेला माणूस! दोरी वळायची फिरकी चुलीत घालायला सांगितली. मी ती माळ्यावर लपवली.

पुढच्या थंडीत आबा गेले. शेवटी शेवटी अंथरुणात पडल्या पडल्या बोटं एकमेकांवर घासून बघायचे, काही कळतंय का म्हणून. मी उशाशीच असायचो. आबा, तुमची बोटं बरोबर होती, काडीच कालची होती, एवढंसं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.