एका ताटातल्या दोघी

आमच्या घरी बायका पुरुषांच्या मागून जेवत, हे काही वेगळं सांगायला नको. पण आम्ही दोघी जावा एकाच ताटात जेवत असू, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या ताटापायी झालं.

लग्न होऊन मी दारव्ह्याजवळच्या त्या खेड्यात आले, त्याच दिवशी सासूबाईंनी एक मोठं पितळी ताट आम्हा दोघींच्या मधे ठेवलं. "एका ताटात जेवसान तं एका घरात राहसान," म्हणाल्या. त्यांच्या माहेरी जावाजावांच्या भांडणातून घराची वाटणी झाली होती, ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. ताटाचा नियम एकच होता. एकीनं हात धुतला की दुसरीनंही धुवायचा. एक उठल्यावर दुसरी एकटीच खात बसली, की घरात फूट पडते म्हणे. मला हा नियम कधी जड गेला नाही. हात आधी धुवायचा प्रश्नच नव्हता, कारण खाण्यात मला कोणी हरवू शकत नव्हतं.

मी अंगानं चांगली भरलेली होते आणि मला त्याचा अभिमान होता. खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी, असा माझा स्वभाव. ज्वारीची गरम भाकर, वांग्याची तर्रीदार भाजी, तुरीचं घट्ट वरण आणि वर कच्चं तेल घातलेला ठेचा. जाऊबाई माझ्याहून मोठ्या, त्यांना मी बाई म्हणत असे. त्याही खाण्यात मागे नव्हत्या. उन्हं कलायला लागली की पुरुषांची पंगत उठायची, सासूबाई अंगणात तुरी निवडायला बसायच्या आणि आम्ही दोघी चुलीपुढे ताट ओढायचो. माहेरच्या गोष्टी, नवऱ्यांच्या नकला, शेजारणींची उणीदुणी, सगळं त्या ताटावर. दिवसभरात तेवढाच वेळ आमचा होता. आज विचार केला तर वाटतं, मला जेवणाची जेवढी भूक होती तेवढीच त्या बोलण्याची होती.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं. पुरुष शेतातून उशिरा यायचे, आमचं जेवण त्याच्याही नंतर, तोवर मी चहावर भूक मारायचे. दुखलं की ओवा खायचा, हिंग लावायचं आणि कामाला लागायचं. असं बरंच चाललं. मग एक दिवस विहिरीवर रक्ताची उलटी झाली आणि आमच्या ह्यांनी मला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. जठरात जखम होती, ती फार वाढली होती. पोट उघडून डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला.

घरी पाठवताना डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आता तुमचं पोट लहान मुलाच्या पोटाएवढं आहे. थोडं थोडं खा, वरचेवर खा. घास खूप वेळ चावा, घाई करू नका, गोडाला हात लावू नका. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे आत्ता. टाके वाळले की मी आणि माझी भाकर.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. पोट शिवून टाकलं, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. बघायला येणाऱ्या प्रत्येकीची नजर आधी माझ्या कमरेकडे जायची. सासूबाईंना फार आनंद झाला होता. त्यांनी घरच्या तुपातला शिरा केला आणि मी तो जुन्या सवयीनं खाल्ला. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, घामानं लुगडं भिजलं, डोळ्यांपुढे अंधार आला. मी तिथेच ओसरीवर आडवी झाले. सासूबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दृष्ट कुणाची, यावर दोन दिवस चर्चा चालली. शिऱ्यावर कुणाचाच संशय गेला नाही.

पण मला कळून चुकलं होतं. हे आत्तापुरतं नव्हतं, हे आता असंच.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात आणि आठवू नयेत असंही वाटतं. वांग्याच्या भाजीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, आणि चार घास पोटात गेले की कुणीतरी आतून दार लावून घ्यायचं. पाचवा घास घेतला तर उलटी. चोळ्या सैल झाल्या, त्या मी उसवून लहान केल्या. पाटल्या कोपराकडे घसरायला लागल्या. गावातल्या बायका म्हणायच्या, "कशी होती अन् कशी झाली!" घरात कुणी गेलं असतं तर चार बायका येऊन माझ्यासोबत रडल्या असत्या. भाकरीसाठी रडणारीसोबत कोण रडणार? मी गोठ्यात जाऊन एकटीच रडायचे. लोकांना पोटभर जेवताना बघून मला राग यायचा, अगदी ह्यांचासुद्धा. ह्यांनी समाधानानं ढेकर दिली की मी भांडी आपटायचे.

शिवाय वरचेवर खायचं होतं. सासरे आणि दीर जेवायच्या आत सुनेनं खायचं, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. सासूबाई नियमांच्या पक्क्या, पण माझ्या बाबतीत त्या विरघळल्या. सकाळीच वाटीत ज्वारीच्या कण्या नाहीतर पेज घालून मला दाराआड बसवायच्या आणि स्वतः दारात उभ्या राहायच्या. कुणी पुरुष आत यायला लागला की खाकरायच्या. मी चोरासारखी खायचे. मला फार लाज वाटायची.

दुपारी आणि रात्री ताटावर मात्र मी हट्टानं बाईंसोबतच बसत होते. तेवढं एक जुनं मला सोडायचं नव्हतं. पण आता तिथेही बोलणं होत नव्हतं. मी खाली मान घालून चार घास भराभर गिळायचे, पोट भरलं की चटकन हात धुवायचे आणि उठायचे. समोर अन्न ठेवून नुसतं बसवत नव्हतं. मी हात धुतला की बाईही धुवायच्या. उरलेली भाकर टोपलीत परत जायची. मला वाटलं, माझं हे रडकं खाणं बघून त्यांचीही वासना उडत असेल. आणखी एक वाटलं ते वाईट होतं. वाटलं, कामाचा सगळा भार यांच्यावर पडला म्हणून या माझ्यावर चिडल्या आहेत, आणि नियम म्हणून नुसत्या ताटाशी बसतात.

कापसाची वेचणी सुरू झाली. मला उन्हात जायची मनाई होती, म्हणून बाई एकट्याच मजूर बायकांसोबत शेतात जायच्या. एक दिवस दोन बायका त्यांना धरून घरी घेऊन आल्या. वेचता वेचता त्यांना चक्कर आली होती आणि त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खाली बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडलेला. सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काहून वं, दिवस गेले काय?"

बाईंची थोरली मुलगी तेव्हा लग्नाला आली होती. आम्ही दोघी सासूबाईंना मामी म्हणायचो. बाई म्हणाल्या, "काही तरीच काय बोलता मामी! ऊन लागलं मले." तरी सासूबाईंनी लगेच चिंच शोधायला घेतली.

मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि पदराआडून काहीतरी भराभर खात होत्या. जवळ गेले. तुरीच्या कच्च्या शेंगा होत्या. शेतातून लुगड्याच्या ओटीत घालून आणलेल्या. सोलायचाही धीर नव्हता, टरफलासकट चावत होत्या. मी बघते आहे हे कळल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"बाई, तुमी उपाशी हाव?"

"नाई वं."

"मंग हे काय खाऊन राह्यल्या?"

मी समोरच बसले, उठायचं नाव घेईना. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "तू चार घासात हात धुतं. मंग मी एकटी कशी खाऊ? मामीचा नेम मालूम नाई काय तुले?"

दवाखान्यातून आल्यापासून या बाईनं माझ्याएवढेच चार घास खाल्ले होते, तेही मधल्या कण्या-पेजेशिवाय. माझं पोट कापलेलं होतं, त्यांचं धडधाकट होतं. वर माझ्या वाटणीचंही काम त्या करत होत्या. आणि मी त्यांना चिडलेली समजत होते. मला त्यांची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि का कोण जाणे, रागही आला.

"सांगायचं नाई काय मले? उद्यापासून आपलं ताट अलग. मीच सांगतो मामीले."

बाईंनी माझं मनगट धरलं. "खबरदार! ताट अलग झालं का लोकं म्हंतीन, आता चूलही अलग व्हईन. अन् मामी तं हाय खाईन. तिनं तुह्यासाठी सारे नेम मोडले, हा एक तं राहू दे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अन् मले एकटीले नाई जेवता येत. तू दवाखान्यात होती तं घास तोंडातच फिरे."

त्या चार शेंगा त्यांनी माझ्यासमोर संपवल्या.

मला रात्रभर नीट झोप आली नाही. ताट वेगळं केलं तर सासूबाई खचणार, नाही केलं तर बाई उपाशी राहणार. सकाळी कण्यांची वाटी घेऊन दाराआड बसले तेव्हाही तेच डोक्यात घोळत होतं.

दुपारी पुरुष जेवून गेले. मी ताट ओढलं. बाईंनी भाकरी, वांग्याची भाजी आणि वरण वाढलं. मी माझे चार घास खाल्ले, पण भराभर नाही. डॉक्टर घास चावायला सांगत होते ते मी कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. एकेक घास इतका चावला की तो आपोआप गोड लागायला लागला. माझं पोट भरलं. बाईंची पहिली भाकर अजून अर्धी होती. त्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं आणि तांब्याकडे हात नेला.

मी तांब्या माझ्या पाठीमागे ठेवला. भाकरीचा एक तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि बोटात धरून बसले.

"बसा," मी म्हटलं, "माह्यं जेवण व्हायचं हाय अजून."

आणि बोलायला लागले. नागपूरच्या दवाखान्यातलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कशी डॉक्टरला जावई म्हणायची आणि त्याचा कान पिळायला जायची. बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पहिली भाकर संपवली, दुसरी घेतली. मी शेजारणीच्या म्हशीवर आले, मग ह्यांच्या घोरण्यावर. वांग्याच्या भाजीचा वास येत होता. मला ती हवीशी वाटत होती आणि खाता येत नव्हती, हे तसंच होतं. पण त्या दिवशी मला राग आला नाही. बाई भाजी खात होत्या आणि मला ते बघायला आवडत होतं. ऑपरेशननंतर प्रथमच मी कुणाला जेवताना बघून सुखावले.

वरण माझ्या बोटांवर वाळलं. बोटं ताठ झाली. तो तुकडा तसाच हातात होता.

दुसरी भाकर संपत आली तेव्हा बाईंची नजर माझ्या हाताकडे गेली. त्या तुकड्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मी घोरण्याची गोष्ट पुढे चालू ठेवली. त्यांनी डोळे पदरानं पुसले, टोपली पुढे ओढली आणि तिसरी भाकर मोडली.