गोठवलेलं चित्र

मला शिकवायची भारी हौस. समोर कुणी वही उघडली की माझी गाडी सुटलीच. त्या दिवशी अंधेरीच्या आमच्या हॉस्पिटलात दम लागलेले एक काका आले. मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बिडी मात्र चालू. सोबत त्यांची बायको, आणि माझ्या मागे वही घेऊन एक शिकाऊ डॉक्टर मुलगी. काकांच्या छातीवर डावीकडे मी सोनोग्राफीचा प्रोब टेकवला, चित्र स्पष्ट येताच बटण दाबून ते गोठवलं आणि सुरू झालो.

"ह्या आडव्या रेघा बघ. ह्या खऱ्या फुप्फुसात नसतातच, मशीनला भास होतो. आवाज हवेवर आपटून परत येतो, प्रोबवर आपटून पुन्हा आत जातो. प्रत्येक फेरीला उशीर होतो, आणि उशिरा आलं म्हणजे जास्त खोलवरून आलं, असं मशीनला वाटतं. मग ते तीच रेघ सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा काढत बसतं. पाणी असतं तर उभे पट्टे आले असते. इथे नुसती हवा, म्हणजे फुप्फुस ठीक. झकास!"

"डॉक्टर," काकांची बायको म्हणाली, "श्वास घेताना ह्यांची डावी बाजू वर येत नाय ओ. मी रोज पाठीक बाम चोळतंय, हाताक कळता."

"मावशी, मशीन बघतंय ना? तुम्ही जरा बाहेर थांबा."

अर्ध्या तासात काकांचे ओठ निळे पडले. धावत आलेल्या आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याच जागी प्रोब ठेवला आणि बटणाला हात लावला नाही. रेघा त्याच होत्या. पण श्वासाबरोबर फुप्फुसाचं आवरण मागेपुढे सरकायला हवं, ते ढिम्म होतं. फुप्फुस फुटून हवा छातीत साठली होती. हवा फुप्फुसात असो की बाहेर, आवाज तिच्यावर तसाच आपटतो. फरक फक्त हालचालीत कळतो, आणि मी गोठवलेल्या चित्रात तर सगळंच थांबलेलं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते.

छातीत नळी घातली, काका वाचले. तिसऱ्या दिवशी वॉर्डात मावशींनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणान हे वाचले."

तुम्ही आधीच सांगितलं होतंत, एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणालो, "बिडी बंद करा त्यांची." अजून आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मग मावशी माझ्या मागे उभ्या त्या शिकाऊ मुलीकडे वळल्या. "पोरी, ह्यांच्याकडून नीट शिकून घे हां."

वही छातीशी धरून ती "हो" म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.