शमशुद्दीनचं नाठाळ हेलिकॉप्टर

मुरगूडच्या बाजारात बैल घ्यायची रीत ठरलेली. आधी भोवतीनं एक फेरी, मग पाठीवर थाप, मग जुंपून चालवून बघायचं. नुसत्या शिंगांना भुलला तो गंडलाच! कुतुबुद्दीन ह्याच बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा. त्याचा पोरगा शमशुद्दीन तिथंच लहानाचा मोठा झाला.

हाच गडी १९८३ साली हेलिकॉप्टर शिकायला परदेशी गेला. सगळ्या गावानं हातभार लावून धाडलेला. पायलटचं लायसन मिळालं तर नोकरी, न्हायतर परत अब्बाच्या हाताखाली. परीक्षेला दुसऱ्यांदा बसायची ऐपतच नव्हती.

तिथल्या उडायच्या शाळेत दोन हेलिकॉप्टरं होती. एक थोरलं, चकचकीत. दुसरं जेमतेम दोघांपुरतं, काचेच्या डब्यागत. कशावर शिकायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. शमशुद्दीननं काय करावं? दोन्हींच्या भोवतीनं फेरी मारली आणि शेपटावर थाप टाकली! पोरं खदाखदा हसली. ह्यानं मास्तरांना सांगितलं, आधी चालवून बघणार, मग बोलणार.

थोरलं हवेत गरीब गाईगत उभं राहिलं. हात ढिला पडला तरी सांभाळून घेत होतं. धाकटं म्हणजे नाठाळ खोंड, बोट हललं की उसळायचं. शमशुद्दीननं धाकटंच धरलं. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या सयाजीनं कपाळाला हात लावला.

"अरे, नोकरीत थोरलंच चालवायचंय न्हवं?"

"व्हय की. पण गरीब बैलावर शिकलेला गाडीवान घाटात गाडी पालथी घालतोय."

पुढं घामटा निघाला. रडकुंडीला आला बिचारा, त्या यंत्राला अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या. हळूहळू हाताला वळण लागलं.

परीक्षेत साहेबानं उंचावर अचानक इंजिनाचा जोर काढून घेतला. हलकं यंत्र ते! माणूस जरा थबकला की वरचा पंखा मंदावतो आणि खेळ खलास. शमशुद्दीनच्या हातानं डोक्याला विचारलंसुद्धा नाही. डावीकडचा दांडा झटक्यात खाली गेला, पंख्याची पाती आडवी झाली, पंखा वाऱ्यावर फिरत राहिला आणि यंत्र गवतावर अलगद टेकलं. साहेबानं पाठ थोपटली. मारलं की मैदान पठ्ठ्यानं!

काही वर्षांनी कंपनीचं थोरलं हेलिकॉप्टर घेऊन तो कोल्हापूरच्या विमानतळावर उतरला. अख्खं मुरगूड लोटलं होतं. कुतुबुद्दीननं लेकाकडं बघितलंबी न्हाय. हेलिकॉप्टरभोवती फेरी मारली, शेपटावर थाप टाकली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्यानं म्हणाला,

"पावणं, ह्ये जनावर गरीब हाय. पण हाकणारा नाठाळावर शिकलाय, आणि त्यो माझा हाय!"

मग मात्र लेकाच्या गळ्यात पडून म्हातारा ढसाढसा रडला.