शिवम्मा नावाचा सर्व्हर

‘शिवम्मा कायमची नष्ट करण्यात आली आहे,’ असा इंग्रजी निरोप मृत्युंजय काकांच्या मोबाइलवर झळकला, तेव्हा शिवम्मा, म्हणजे काकांच्या मातोश्री, समोरच सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. काकांनी चष्मा पुसला, निरोप पुन्हा वाचला आणि आईकडं पाहिलं. आईनं एक दाणा तोंडात टाकला.

“याको?” तिनं कानडीत विचारलं. “असं काय बगतोयस? मी हाय की अजून.”

बटण काकांनीच दाबलं होतं. स्वतःच्या अंगठ्यानं, चांगल्या शुद्धीत, चहा पिऊन झाल्यावर.

सकाळी कुर्डुवाडी स्टेशनवरून भुवनेश्वरीचा फोन आला होता. भुवी ही काकांची पुतणी. तिचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात, आणि ती शिकायला म्हणून सोलापुरात, भवानी पेठेत काकांच्या चादरीच्या दुकानावरच्या घरात. “काका, आज सर्व्हरची मुदत संपते,” ती म्हणाली. “तुमच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये जाऊन तेवढा सर्व्हर वाढवा. आजच हं. उद्या पुण्याच्या...” पुढचं सगळं इंजिनाच्या शिट्टीनं खाल्लं आणि फोन कटला.

आता चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ‘वाढवा’ म्हटलं की काय कळणार? पेठेत कुणी दुकान बंद करत नाही, वाढवतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरात बांगडी फुटली तरी ती वाढते. मुदत संपली आणि पोरगी म्हणते वाढवा, म्हणजे आवरून टाका. पोरगी शहाणी, शुभ बोलली, असं काकांना कौतुकसुद्धा वाटलं. ॲपमध्ये त्यांनी बंद करायचं बटण शोधलं. ते लालभडक होतं आणि त्यावर ‘डिस्ट्रॉय’ असं लिहिलं होतं. इंग्रजांना शुभ-अशुभ बोलायची रीतच नाही, असं म्हणत काकांनी ते दाबलं. ॲपनं पुन्हा विचारलं, नक्की? काका म्हणाले, नक्की. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. किती अगत्याची कंपनी, म्हणून काकांनी तिसऱ्यांदाही होकार दिला. बारीक अक्षरांत कुणाला नष्ट करायचंय ते लिहिलं होतं, पण बारीक अक्षरं वाचायची सवय काकांना विम्याच्या कागदापासूनच नव्हती.

मग त्यांनी भुवीला फोन लावला.

“भुवी, वाढवला गं.”

“बरं झालं. किती महिन्यांसाठी?”

“महिने कसले? कायमचा.”

“कायमचा असा प्लॅनच नाही त्यांच्याकडं. काका, वाढवला म्हणजे नेमकं काय केलंत?”

काकांनी सांगितलं. पलीकडून इतका वेळ काहीच आवाज आला नाही, की आता पोरगी चक्कर येऊन रुळांवर पडली की काय, या कल्पनेनं काकांच्याच डोळ्यांपुढं अंधारी आली.

“उद्या पुण्याची कंपनी तोच सर्व्हर तपासणार होती,” भुवी शेवटी म्हणाली. “नोकरीची परीक्षा त्यावरच आहे. मी येते.”

परीक्षा आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण परीक्षा म्हणजे बाक, पेन आणि सुपरवायझर, असा त्यांचा समज.

तो सर्व्हर घेतला तेव्हाही त्यांना असाच धक्का बसला होता. चादर घेताना काका ती हातात तोलतात, उलटी करून बघतात, कडेचा दोरा ओढतात. भुवीनं पसंत केलेली वस्तू दिसतच नव्हती. “कुटं ठेवायची?” त्यांनी विचारलं. “मुंबईला आहे,” ती म्हणाली. “मोठ्या मशीनचा एक तुकडा आपल्याला भाड्यानं.” एका कंपनीचा पहिला महिना जवळपास फुकट होता. काकांनी त्यावर बोट ठेवलं, तर म्हणाली, “दुसऱ्या महिन्याचा भाव बघा की.” तो बघून काका दुकानदार असूनही लाजले. मग त्यांनी थोरला, सेल लागलेला सर्व्हर दाखवला. “शिकायला एवढा काय करू? लहान मेमरीचा पुरे. महिन्याच्या बोलीचा हवा, आणि सगळा ताबा माझा हवा.” एक कंपनी सगळं आयतं बसवून देत होती. ती भुवीनं पहिल्या फटक्यात बाद केली. “आयतं दिलं तर मी काय शिकू? मला मोडता आलं पाहिजे.” पैसे देऊन मोडायची वस्तू घेणारं गिऱ्हाईक काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तरी कार्ड त्यांचंच लागलं, म्हणून ॲपही त्यांच्याच मोबाइलवर आलं.

भुवी दुपारच्या गाडीनं आली. काका दारातच उभे होते. येताना वाटेत रडली असेल, या तयारीनं त्यांनी लिंबू सरबत करून ठेवलं होतं. तिनं ते उभ्या उभ्या प्यायलं आणि लॅपटॉप उघडला.

“त्याची दुसरी प्रत ठेवली असशील की कुटं?” काकांनी आशेनं विचारलं.

“ती पण त्याच्याबरोबर गेली.”

“आरं द्येवा!”

“कामाच्या फायली इथं लॅपटॉपवर आहेत. बाकी सगळं परत बसवायचं. बसा तुम्ही. पण कशाला हात लावू नका.”

तिनं काकांच्याच कार्डावर नवा सर्व्हर घेतला. काका मागं स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळू लागल्या. ती एक ओळ लिही, थांबे, पुढची लिही. मग एका जागी अचानक ओळींचा पूरच आला.

“हे काय आता?”

“बाहेरचे लोक आत घुसायला बघतायत. पासवर्ड लावून बघतात. हा ब्राझीलचा पत्ता, हा कुठला तरी रशियातला.”

काका ताडकन उठले. “आत्ता तर घेतलास! अजून पूजा न्हाय, पाटी न्हाय, आणि ब्राझीलला कसं कळलं?”

“कुणाचंही दार दिसलं की ठोठावतात. माणसं नाहीत, यंत्रंच करतात.”

“पोलिसात सांगू का? जोडभावी पेठेच्या ठाण्यात माझ्या वळकीचे...”

“पासवर्डचं दारच बंद करते. माझी किल्ली असेल तरच आत.” तिनं दोन ओळी लिहिल्या. ओळींचा पूर चालूच राहिला, पण आता ती तिकडं बघतसुद्धा नव्हती. काका मात्र पुन्हा स्टुलावर बसून, हात मांड्यांखाली दाबून बघत होते. अर्धं जग आपल्या पुतणीच्या दारावर धडका मारतंय आणि ती शेंगदाणे खातेय, हे त्यांना पचेना.

“नाव काय देऊ?” तिनं विचारलं.

“आईचं नको! नष्ट झाली म्हणून आलं, माझं काळीज तोंडात आलं. मुळात दिलंस कशाला तिचं?”

“तोही एक अक्षर चुकलं तरी ऐकत नाही, म्हणून.”

“खरं हाय,” आतून शिवम्मांनी दुजोरा दिला.

दिवेलागणीला भुवीनं लॅपटॉप काकांकडं वळवला. तिनं परीक्षेसाठी बनवलेलं वेबसाइटचं पान परत जसंच्या तसं दिसत होतं. काकांनी मांडीखालून हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. “एवढ्यात झालं? काय गं, लई सराव दिसतोय.”

“मी स्वतः कितीदा तरी पुसलाय तो. त्यासाठीच तर स्वस्त घेतला.”

“मग फोनवर गप का झालीस? मी इथं अर्धा मेलो!”

“पत्ता बदलतो ना. नव्या सर्व्हरला नवा पत्ता मिळतो. जुना कंपनीला आधीच कळवला होता. आता बदलल्याचं कळवावं लागलं.”

काकांनी स्टूल पुढं ओढलं. “काय म्हणाले ते?”

“चालेल म्हणाले. परीक्षा उद्या ठरल्या वेळेलाच. फक्त सर्व्हर कशानं गेला ते विचारलं. लिहून पाठवलं.”

पुण्यातल्या अनोळखी इंजिनिअरांनी भरलेली एक खोली त्यांच्या डोळ्यांपुढं आली. “त्यात माझं नाव तर न्हाई ना घातलंस?”

“त्यांनी कारण विचारलंय, काका, ते तुम्हीच आहात की.”